इंजिनाला दमा: टर्बो स्पोर्ट्स कारचा पीसीव्ही घरच्या घरी बदलताना

आमच्या मळ्यात विहिरीवर डिझेल इंजिन होतं. ते थकलंय की नाही हे ठरवायला वडिलांना कुठलं यंत्र लागत नसे. चालू इंजिनाच्या ब्रीदरवर, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडावर, ते तळहात धरायचे. नुसती ऊब लागली तर ठीक. हात मागे ढकलला गेला आणि तळव्यावर तेलाचा शिडकावा आला, तर निकाल लागला: रिंगा गेल्या, बॅक कॉम्प्रेशन मारतंय. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी मी मुंबईहून २०११ची सेकंडहँड ऑडी टीटी जळगावात आणली. तिच्या मागच्या सीटवर केळीचा घड मावतो, माणूस मावत नाही. तिच्या इंजिनाचा ब्रीदर कुठे आहे हेच मला दोन वर्षं ठाऊक नव्हतं, आणि ते अज्ञान मला महागात पडलं.

घराच्या पोर्चमध्ये, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या बरोबर खाली, तेलाचे थेंब पडू लागले. एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने क्रँकचं मागचं ऑइल सील गेल्याचं सांगितलं. ते खोटं नव्हतं. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, गाडीचा गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, चांगलं जाडजूड बिल दिलं. तीन महिन्यांत थेंब परत. शेवटी अमळनेरच्या नाना मिस्त्रींनी बोनेट उघडलं, गाडी आयडलिंगवर, म्हणजे पाय न दाबता उभी चालू, ठेवली आणि कान दिला. गिअरबॉक्सच्या बाजूने बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. नानांनी ऑइलची गेज पट्टी इंचभर उपसली. शिट्टी बंद. पट्टी खाली दाबली, शिट्टी चालू. "भाऊ, तुन्ही गाडीले दमा व्हयेल शे," नाना म्हणाले, आणि मला रात्रभर झोप आली नाही. सील दोषी नव्हतं. सीलचा जीव घेणारा भाग, म्हणजे पीसीव्ही, वर प्लॅस्टिकच्या कव्हरखाली तसाच बसलेला होता.

हा भाग करतो काय

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी स्फोटातला थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरतोच. त्यात पाण्याची वाफ असते, अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं, आणि खाली पोचल्यावर त्यात तेलाचं धुकं मिसळतं. हे बाहेर काढलं नाही तर दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सीलमधून वाट काढतं. जुन्या गाड्यांत एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, सगळी घाण हवेत. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत १९६१पासून हा वायू परत इंजिनाच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, ओढून जाळायला सुरुवात झाली. त्याच पद्धतीचं नाव पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन, म्हणजे पीसीव्ही.

साध्या इंजिनात ते काम एक छोटा व्हॉल्व्ह करतो. टर्बो इंजिनात, जिथे हवा दाबून भरली जाते, भानगड वाढते. आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, जोरदार ओढ असते, पण पाय दाबला की तिथेच टर्बोचा दाब येतो. म्हणून वायूला दोन वाटा ठेवाव्या लागतात: ओढ असताना मॅनिफोल्डकडे, दाब असताना टर्बोच्या तोंडाकडे. प्रत्येक वाटेवर एकमार्गी झडप. शिवाय मॅनिफोल्डची ओढ सगळीच्या सगळी क्रँककेसला लागू नये म्हणून मध्ये स्प्रिंगवर बसलेला रबरी पडदा. टीटीच्या २.० टीएफएसआय इंजिनात, म्हणजे ईए८८८ घराण्यात, हे सगळं आणि तेल वेगळं करणारा भाग एकाच काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून तो हेड कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, माथ्यावर स्क्रूंनी आवळलेला असतो. १.८ टीएसआयची स्कोडा लॉरा आरएस बाळगणाऱ्यांनीही हा लेख आपलाच समजावा, कारण घराणं तेच.

बिघाड दोन तऱ्हेचा, आणि दोन्हींची लक्षणं उलट. पडदा फाटला की ओढ आवरली जात नाही. सीलची ओठासारखी कड आत खेचली जाते, तिच्याखालून हवा शिरते, तीच शिट्टी. कड कोरडी घासून खराब होते आणि मग तेल गळतं. फाटलेल्या पडद्यातून ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, हिशेबात नसलेली हवाही आत येते, म्हणून आयडलिंग डगमगतं. दुसरी तऱ्हा म्हणजे मॅनिफोल्डकडची झडप निकामी होणं. मग बूस्टचा, म्हणजे टर्बोचा, दाब उलटा क्रँककेसमध्ये घुसतो आणि तेल प्रत्येक सीलमधून बाहेर ढकलतो. घाटात निळसर धूर, उतरल्यावर तेलाचा वास. माझ्या गाडीत पहिली तऱ्हा होती. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गाडी मस्त पळायची आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, यावरूनच मला ओळखायला हवं होतं.

आपल्याकडे हा पडदा जरा लवकर म्हातारा होतो, हे माझं निरीक्षण. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या आसपास असतो. त्यात गरम गाडी बंद करून पत्र्याच्या शेडखाली ठेवली की बोनेटखाली भट्टी पेटते, आणि पडदा थेट हेडच्या डोक्यावर. हिवाळ्यात उलटं. भरीत पार्टीच्या दिवसांतल्या थंड सकाळी घर ते दुकान दोन किलोमीटर गाडी चालवली तर तेल तापत नाही, वाफ उडून जात नाही, आणि ब्रीदरमध्ये ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट थर जमतो.

आधी निदान, मग पाना

इथे घाई करू नका. पार्ट बदलणं तासाभराचं काम आहे, खरी अक्कल निदानात लागते.

गाडी गरम करून आयडलिंगला ठेवा. आधी फक्त ऐका. हेड कव्हरवरच्या डब्यापाशी सूं सूं, की गिअरबॉक्सच्या बाजूला शिट्टी? मग नानांचा प्रयोग: गेज पट्टी थोडी उपसा. आवाज थांबला तर क्रँककेसमध्ये नको तेवढी ओढ आहे. पट्टी परत नीट बसवा, धुळीच्या दिवसांत उघडी ठेवू नका.

पुढे तेल भरायचं झाकण. फिरवून हळूच उचला. निरोगी इंजिनात किंचित ओढ जाणवते, झाकण सहज निघतं आणि आयडलिंग थोडं हलतं. झाकण जणू कुणी आतून धरून ठेवलंय असं वाटलं तर पडदा गेला. उलट झाकण वर उडू पाहतंय, आतून फुंकर येतेय, तर दाब आहे: एक तर झडप गेलीय किंवा खरंच रिंगा. तळहाताऐवजी पातळ रबरी हातमोजा भोकावर ताणून धरला तर चित्र स्पष्ट दिसतं. थोडा आत खेचला गेला की बरं, फुग्यासारखा फुगला की वाईट. झाकण काढलेलं असताना वाकून बघू नका, तेल उडतं. बाह्यांची आणि गळ्यातल्या चेनची काळजी घ्या. सोन्याच्या गावात हे वेगळं सांगावं लागतं.

डब्यावरच्या गोल झाकणाला बाहेरच्या हवेसाठी बारीक छिद्र असतं. चालू इंजिनात त्यावर बोट ठेवून बघा. बोट ओढलं गेलं किंवा आवाज बदलला, तर पडद्याला चीर आहे. याहून स्वस्त निदान मला ठाऊक नाही.

स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय, ते बघा. आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक दहा टक्क्यांच्या वर आणि २,५०० आरपीएमला ठेवल्यावर तो शून्याकडे येतोय, तर कुठेतरी चोरवाटेने हवा येतेय. ती वाट पीसीव्हीचीच असेल असं नाही, इनटेकचं पॅकिंग किंवा फाटका पाइपही असू शकतो. स्कॅनरवरचा पी०१७१ कोड म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त), पी०५०७ म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त. हे कोड या दुखण्यात नेहमी भेटतात. पण कोड म्हणजे तापमापक, रोगाचं नाव नव्हे.

पोर्शेवाले मंडळी पारदर्शक नळीत पाणी भरून त्याची पातळी किती सरकते यावरून क्रँककेसची ओढ मोजतात. त्यांच्या इंजिनात तो प्रयोग चांगला आहे. इथे करू नका. पडदा फाटलेला असेल तर मॅनिफोल्डची ओढ नळीतलं सगळं पाणी इंजिनात घेऊन जाऊ शकते. मोजायचंच असेल तर काट्याचं व्हॅक्यूम गेज वापरा.

आणि एक कटू गोष्ट. ईए८८८च्या या पिढीतल्या बऱ्याच इंजिनांना ऑइल रिंगांचाच दोष आहे. कंपनीच्या पुस्तकात १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत तेल खाणं चालतं असं लिहिलेलं असतं. तुमची गाडी त्याहून जास्त पीत असेल आणि पीसीव्हीच्या चाचण्या ठीक येत असतील, तर हा डबा बदलून काही होणार नाही. कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून दाब किती गळतो ते) तपासून घ्या, पैसे तिथे लावा.

पार्ट आणि हत्यारं

पार्ट नंबर ०६एच १०३ ४९५ या मालिकेतला असतो, पुढचं अक्षर सुधारणेनुसार आणि इंजिन कोडनुसार बदलतं. चेसिस नंबर देऊन विचारा, "टीटीचा पीसीव्ही द्या" एवढ्यावर मागवू नका. जळगाव-धुळ्यात हा पार्ट काउंटरवर मिळत नाही. मुंबई किंवा पुण्याहून कुरिअरने किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो. ट्रॅव्हल्सने मागवलात तर खोक्यावर "प्लॅस्टिक, दाबू नका" असं मोठ्या अक्षरात लिहायला सांगा. माझ्या पहिल्या खोक्यावर कोणीतरी कांद्याचं पोतं ठेवलं होतं. नकली मालाचा सुळसुळाट आहे. त्यातला पडदा जाडजूड आणि कडक असतो, कडांवर साच्याची रेघ राहिलेली दिसते. किमतीत फार फरक दिसला तर थांबा.

सोबत टर्बोच्या तोंडाकडे जाणाऱ्या नळीचं सील आणि मॅनिफोल्डकडची नळी मागवाच. जुनी नळी वरून धडधाकट दिसते आणि हात लावताच बिस्किटासारखी तुटते. तेव्हा गाडी चार दिवस उभी राहते.

हत्यारांत टी३०चा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचा) बिट, पाव इंची रॅचेट, लांब-आखूड दोन एक्स्टेन्शन, स्प्रिंग क्लॅम्पसाठी पक्कड, एक चपटा प्लॅस्टिकचा तुकडा, टॉर्च आणि छोटा टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरालाच टिक् म्हणणारा पाना. चाकांचे बोल्ट आवळायचा मोठा टॉर्क पाना इथे चालत नाही. त्याला १० न्यूटन-मीटर जाणवतच नाही, तो टिक् म्हणेपर्यंत आटे हातात येतात. हे हेड कव्हर ॲल्युमिनियमचं असून त्यातच कॅमशाफ्ट बसलेले असतात. त्याचे आटे गेले तर साध्या स्क्रूची गोष्ट राहत नाही.

पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका. कापसाच्या मुलखात राहून हे सांगताना मलाच कसंतरी होतं, पण एक धागा आत गेला तर तो तेलाच्या जाळीपर्यंत पोचतो. धागे न सोडणारं मायक्रोफायबर घ्या.

उघडताना

इंजिन पूर्ण गार हवं. उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला सुरुवात करतो, रात्रभर गाडी उभी असते आणि नऊच्या आत काम उरकतं. किल्ली खिशात न ठेवता घरात ठेवा. बंद गाडीचा पंखाही अचानक फिरू शकतो, आणि उत्साही पुतणे बटण दाबू शकतात.

पहिलं काम सफाई. हवेच्या नळीने इंजिनावरची धूळ उडवून द्या, विशेषतः डब्याच्या कडेची आणि स्क्रूंच्या खाचांतली. आपल्या काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की चिकट लगदा होतो, आणि डबा उचलताच तो थेट आत पडतो. पाण्याने धुऊ नका, शेजारीच ठिणगीच्या कॉइल आहेत.

इंजिनाचं वरचं कव्हर खुंट्यांवर बसलेलं असतं. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून सरळ वर ओढा, आडवं हिसकू नका. आता मोबाइलने चार बाजूंनी फोटो काढा. वायरी कोणत्या क्लिपमधून गेल्यात हे बसवताना आठवत नाही, सगळ्यांना आठवेल असं वाटतं.

नळ्या आधी, डबा नंतर. मॅनिफोल्डकडच्या नळीचा क्लॅम्प किंवा चिमटा दाबून नळी हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ ओढली तर नळीचं तोंड तुटून डब्यात राहतं. मग इंजिनाच्या मागच्या बाजूला टर्बोच्या इनटेकला जोडलेली नळी. तिथले स्क्रू आंधळ्या जागी आहेत, बोटांनी चाचपून बिट पूर्ण आत बसला याची खात्री झाल्यावरच जोर लावा. टॉर्क्सचं डोकं एकदा गोल झालं की पुढची सकाळ वाया. स्क्रू काढताना खाली बोटं किंवा चिकट टेप धरा. माझा एक स्क्रू टर्बोच्या उष्णतारोधक पत्र्यामागे पडला, तो काढायला चुंबक, तार आणि शेजारचे काका असं तिघांचं बळ लागलं.

आता डब्याचे स्क्रू. एकदम एकेक पूर्ण काढू नका. सगळे पाव-पाव फेरा सैल करा, समोरासमोरच्या क्रमाने, मग काढा. लांबी वेगळी असेल तर पुठ्ठ्यावर डब्याचा आकार काढून त्याच जागी स्क्रू खोचा. ही आमच्या आईची युक्ती, ती शिलाई मशिन उघडताना करायची.

डबा सहज निघत नसेल तर प्लॅस्टिकच्या तुकड्याने कडेला हलका उचल द्या. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला की नवं सीलही तिथून गळतं. उचलताच खालच्या भोकांत स्वच्छ कापडाचे मोठे बोळे घाला. मोठेच. लहान बोळा आत घसरला तर तो दिवस तुम्हाला आयुष्यभर आठवेल.

जुना डबा काय सांगतो

फेकायच्या आधी जुना डबा उलटा धरून बघा. आत पातळ तेलाची झाक असणं स्वाभाविक आहे. पिवळट लोणी म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्या. मात्र गेज पट्टीवरही तसंच दिसलं आणि कूलंट कमी होत असेल तर हेड पॅकिंगची शंका घ्या. काळा, डांबरासारखा चिकटा म्हणजे आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदललेलं नाही. अशा वेळी नुसता डबा बदलून उपयोग नाही, तेल आणि फिल्टर लगेच बदला, आणि पुढचं तेल निम्म्या अंतरावर.

मॅनिफोल्डकडच्या तोंडातून फुंकून बघायचं असेल तर स्वच्छ नळीचा तुकडा लावा. त्या दिशेने हवा जायला नको. गेली, तर झडप धरत नाही. नव्या डब्यावरही हाच प्रयोग बसवण्याआधी करा, नवा आहे म्हणून विश्वास टाकू नका.

पडदा साफ करून परत वापरायचा मोह होतो. कार्ब क्लीनर, पेट्रोल, रॉकेल यांतलं काहीही त्या रबराला लावू नका, फुगतं आणि चार दिवसांत जातं. बाजारात नुसता पडदा मिळतो. मी एकदा बसवला, टिकला नाही, पुन्हा बसवणार नाही.

बसवताना

हेड कव्हरची बसण्याची जागा पुसून घ्या. जुन्या सीलचा तुकडा खाचेत चिकटून राहिलेला नाही ना, हे टॉर्चने बघा. जुन्यावर नवं सील बसलं की डबा सरळ बसल्यासारखा दिसतो आणि गळत राहतो. सिलिकॉन किंवा शेलॅक लावू नका. आपल्या मिस्त्री लोकांना प्रत्येक जोडावर काहीतरी फासल्याशिवाय समाधान होत नाही, पण इथे जास्तीचा थर सुटून तेलाच्या वाटेत जातो. सीलवर बोटाने ताज्या इंजिन ऑइलचा नुसता हात फिरवा.

बोळे काढा, मोजून काढा. डबा सरळ खाली बसवा. सगळे स्क्रू आधी बोटांनी लावा, निदान दोन-तीन फेरे. बोटाने फिरत नसेल तर आटे वाकडे लागलेत, काढून पुन्हा लावा. मग समोरासमोरच्या क्रमाने हलके टेकवा आणि शेवटी टॉर्क पान्याने साधारण ९ ते १० न्यूटन-मीटर. तुमच्या इंजिन कोडचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. "अजून पाव फेरा" हा आपला राष्ट्रीय रोग इथे आवरायचा.

टर्बोकडच्या नळीचं सील नवं, मग तिचे स्क्रू. मॅनिफोल्डकडची नळी टक् आवाज येईपर्यंत आत. ओढून खात्री करा. वायरी फोटोप्रमाणे. वरचं कव्हर अजून लावू नका.

चालू केल्यावर

पहिल्या मिनिटात आयडलिंग थोडं वर-खाली होईल, ईसीयू जुन्या गळतीच्या हिशेबाने पेट्रोल देत असतो. स्कॅनरने कोड आणि शिकलेली मूल्यं पुसलीत तर लवकर स्थिरावतं, नाहीतर काही फेऱ्यांत आपोआप. शिट्टी गेली का बघा. झाकणाची आणि गेज पट्टीची चाचणी पुन्हा करा. डब्याच्या कडेने टॉर्च फिरवा, ओल दिसली तर बंद करून स्क्रू तपासा. मग कव्हर लावा.

चालवून बघताना दोन्ही वाटा तपासल्या जातील असा रस्ता निवडा. मी अजिंठा चौफुलीवरून निघून शहराच्या रहदारीत पंधरा मिनिटं रेंगाळलो, म्हणजे आयडलिंगची ओढ. मग अजिंठ्याच्या दिशेने घाटापर्यंत, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून, म्हणजे बूस्टचा दाब. परत आल्यावर पोर्चमध्ये गिअरबॉक्सखाली पांढरा पुठ्ठा अंथरला आणि त्यावर तारीख टाकली. गळती मोजायला याहून चांगलं साधन नाही.

मागचं सील आधीच खराब झालं असेल तर ते आपोआप दुरुस्त होणार नाही. तरी क्रम हाच ठेवा: आधी पीसीव्ही, मग दोन आठवडे पुठ्ठा, आणि तरीही थेंब येत असतील तरच गिअरबॉक्स उतरवायचा निर्णय. माझ्या बाबतीत थेंब कमी झाले, थांबले नाहीत. सील दुसऱ्यांदा बदलावं लागलं. पण ते आजही टिकून आहे.

तेलाची पातळी सपाट जागी, गार इंजिनावर, दर रविवारी लिहून ठेवा. ५०० किलोमीटरवर डब्याचे स्क्रू आणि नळ्या नुसत्या बघून घ्या, पुन्हा आवळू नका.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी

ब्रीदरची नळी सोडून खाली लोंबकळत ठेवण्याचा सल्ला गॅरेजवर मिळेल. ट्रॅक्टरला चालतं ते इथे चालत नाही. मॅनिफोल्डचं तोंड उघडं राहिलं तर चोरवाटेने हवा शिरते, बंद केलं तर क्रँककेसची ओढ जाते, आणि तेलाचा वास एसीतून केबिनमध्ये येतो. प्रदूषणाचा भाग वेगळाच.

ऑइल कॅच कॅन, म्हणजे ब्रीदरच्या नळीत बसवून तेल अडवणारी डबी, याबद्दल सतत विचारणा होते. थेट इंजेक्शनच्या या इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून जात नाही. त्यामुळे तेलाचं धुकं तिथे जळून कार्बन साचतो, आणि तो अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने उडवून काढावा लागतो. चांगला कॅच कॅन कार्बन साचण्याचा वेग थोडा कमी करतो, हे खरं. पण मूळ डबा निरोगी नसताना कॅन लावणं म्हणजे दम्याच्या माणसाच्या तोंडाला रुमाल बांधणं. शिवाय हिवाळ्यात तो दर पंधरवड्याला रिकामा करावा लागतो. जो माणूस टायरची हवा महिनोन्‌महिने बघत नाही त्याने या फंदात पडू नये.

पोर्शेची बॉक्स्टर किंवा जुनी ९११ असेल तर तिथे हेच काम एअर-ऑइल सेपरेटर नावाचा भाग करतो. तो बिघडला की गाडी सुरू करताच मागे धुराचा ढग उठतो. तशा गाडीला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. इनटेकमध्ये ओढलेलं तेल सिलिंडरमध्ये साचलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्या इंजिनात जागा फारच अडचणीची, घरी करायचं काम नव्हे असं माझं मत.

जुना डबा नानांनी मागून घेतला. आता तो त्यांच्या टपरीत खिळ्याला टांगलेला आहे, फाटलेला पडदा बाहेर काढून. गळतीची तक्रार घेऊन कुणी आलं की नाना आधी तो हातात देतात. मी माझ्या नव्या डब्यापुरतं एक केलं: इंजिनाच्या वरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेनाने बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि पार्टचं शेवटचं अक्षर लिहून ठेवलं.